ज्युलिया मॉर्गनच्या इमारती कशा उभ्या राहिल्या

अमेरिकन आर्किटेक्ट ज्युलिया मॉर्गनचं नाव निघालं की तीन 'पहिल्या' गोष्टी सांगितल्या जातात. पॅरिसच्या एकोल दे बोझार या नामांकित कलाशाळेत वास्तुकला शिकण्यासाठी प्रवेश मिळवणारी पहिली स्त्री. कॅलिफोर्नियात आर्किटेक्टचा परवाना मिळवणारी पहिली स्त्री, १९०४ साली. आणि अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं सुवर्णपदक मिळालेली पहिली स्त्री. हे मात्र २०१४ साली, तिला जाऊन ५७ वर्षं झाल्यावर. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांवरून ती नेमकं काय काम करत होती हे कळत नाही. तिच्या नावावर ७०० हून अधिक इमारती आहेत. त्यांतल्या कितीतरी भूकंपाच्या प्रदेशात आजही उभ्या आहेत आणि वापरात आहेत. त्यामागचं शास्त्र आणि तिची कामाची पद्धत समजून घेतली, तर ती इतकी मोठी का होती हे आपोआप उलगडतं.

तिचा जन्म २० जानेवारी १८७२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला आणि ती वाढली खाडीपलीकडच्या ओकलंडमध्ये. तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं, पण बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तेव्हा वास्तुकलेचा अभ्यासक्रमच नव्हता. मग तिने सिव्हिल इंजिनिअरिंग घेतलं आणि १८९४ मध्ये पदवी मिळवली. वर्गात बऱ्याचदा ती एकटीच मुलगी असायची. त्या काळचे बहुतेक आर्किटेक्ट इमारत कशी दिसेल ते ठरवत आणि ती पडणार नाही हे पाहायला इंजिनिअर गाठत. मॉर्गन आधी भार, ताण, तुळया आणि पाया शिकली, सौंदर्यशास्त्र नंतर. तिच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली या क्रमात आहे असं माझं मत आहे.

बर्कलीत बर्नार्ड मेबेक नावाचे एक आर्किटेक्ट ड्रॉइंग शिकवत. काही हुशार विद्यार्थ्यांना ते घरी बोलावून वास्तुकलेचे धडे देत, आणि त्या मुलांमध्ये ज्युलियाही होती. मेबेक स्वतः एकोल दे बोझारमध्ये शिकलेले होते. त्यांनी तिला तिकडे जायला सुचवलं आणि १८९६ मध्ये ती पॅरिसला पोचली. त्या वेळी शाळेचं दार बायकांना बंदच होतं. फ्रान्समधल्या चित्रकार आणि शिल्पकार स्त्रियांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यावर १८९७ मध्ये ते थोडं उघडलं.

प्रवेश परीक्षा भयंकर अवघड होती. गणित, भूमिती, इतिहास, ड्रॉइंग आणि शिवाय बारा तासांत एका इमारतीचा आराखडा, सगळं फ्रेंचमध्ये, आणि मापं मीटरमध्ये. फूट-इंचात विचार करायची सवय असलेल्या मुलीला हे किती जड गेलं असेल! जागा पहिल्या तीस जणांनाच मिळे. पहिल्या प्रयत्नात तिचा नंबर ४२ वा आला. दुसऱ्या वेळी परीक्षकांनी मुलींना उत्तेजन नको म्हणून मुद्दाम गुण कापले, असं तिने घरी कळवलं. तिसऱ्या वेळी ती तेरावी आली आणि नोव्हेंबर १८९८ मध्ये तिला प्रवेश मिळाला.

या शाळेची शिकवण्याची रीत जाणून घेण्यासारखी आहे, कारण मॉर्गनच्या नकाशांमध्ये ती शेवटपर्यंत दिसते. व्याख्यानं होती, पण खरं शिक्षण एखाद्या नावाजलेल्या आर्किटेक्टच्या स्टुडिओत व्हायचं. दर काही आठवड्यांनी शाळा एक स्पर्धा जाहीर करी: अमुक इतक्या लोकांसाठी नाट्यगृह काढा, किंवा स्नानगृह, किंवा न्यायालय. विद्यार्थ्याने एकट्याने एका कोठडीवजा जागेत बसून, पुस्तक न उघडता, कोणाला न विचारता, ठरलेल्या तासांत कच्चा आराखडा काढायचा. त्याची एक प्रत शाळेकडे जमा व्हायची. पुढे दोन महिने मोठ्या कागदावर तपशीलवार रेखाटन. मात्र अंतिम नकाशातली मूळ कल्पना त्या कच्च्या आराखड्याशी जुळली नाही, तर विद्यार्थी स्पर्धेतून बाद. म्हणजे पहिल्या दिवशी घेतलेला निर्णय नीट विचार करून घ्यायचा आणि मग तो निभवायचा. लोक कुठून आत येतील, कुठे थांबतील, उजेड कुठून येईल, कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत सहज जाता येईल, हे आधी ठरवायचं. खांबांवरची नक्षी ग्रीक असावी की गॉथिक, हा प्रश्न नंतरचा.

वर्षं भरली म्हणून कोणी पास होत नसे. स्पर्धांमधून गुण साठवावे लागत. आणि वयाच्या तिसाव्या वर्षी शाळा सोडावीच लागे. उशिरा प्रवेश मिळाल्यामुळे मॉर्गनच्या हातात जेमतेम तीन वर्षं होती. शोस्मिश या आर्किटेक्टच्या स्टुडिओत राबून तिने एका भव्य नाट्यगृहाचा आराखडा पुरा केला आणि १९०२ च्या सुरुवातीला प्रमाणपत्र मिळवलं. पॅरिसमध्ये असतानाच फीबी हर्स्ट या श्रीमंत आणि उदार बाईंनी तिला पैशांची मदत देऊ केली होती. तिने ती नम्रपणे नाकारली. पण ओळख टिकली, आणि त्या ओळखीने पुढे खूप काही घडवलं.

कॅलिफोर्नियात परतल्यावर ती बर्कली विद्यापीठाचे आर्किटेक्ट जॉन गॅलन हॉवर्ड यांच्या ऑफिसात लागली. तिथल्या ग्रीक थिएटरच्या कामात तिचा हात आहे. आपल्याकडे एक अत्यंत गुणी डिझायनर आहे आणि ती बाई असल्यामुळे तिला जवळजवळ काहीच पगार द्यावा लागत नाही, असं हॉवर्ड लोकांना सांगत, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. मॉर्गनने १९०४ मध्ये परवाना काढला आणि स्वतःचं काम सुरू केलं.

तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे ओकलंडच्या मिल्स कॉलेजमधला घंटाघराचा मनोरा, 'एल कॅम्पनिल'. उंची ७२ फूट, सात मजली इमारतीएवढी. मिल्स हे तेव्हा मुलींचं कॉलेज होतं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी ओतलेल्या दहा घंटा कॉलेजकडे आल्या होत्या आणि त्या टांगायला जागा हवी होती. एप्रिल १९०४ मध्ये मनोरा पुरा झाला. मॉर्गनने तो सळईच्या काँक्रीटमध्ये बांधला. आज यात नवल वाटणार नाही, पण तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असं बांधकाम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच होतं.

सळई आणि काँक्रीटची जोडी इतकी महत्त्वाची का, ते जरा सावकाश पाहू. नुसतं काँक्रीट हे खडूसारखं असतं: वरून कितीही दाबा, सहज चुरत नाही, वाकवायला जा, तर कट्‌कन मोडतं. काँक्रीटची ओढ सहन करण्याची ताकद दाब सहन करण्याच्या ताकदीच्या साधारण एक दशांशच असते. आता कोणतीही तुळई भाराखाली किंचित वाकते, आणि वाकताना तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. म्हणून खालच्या बाजूला लोखंडी सळया घालायच्या. दाब काँक्रीटने घ्यायचा, ताण सळईने. या दोघांचं जमतं ते दोन कारणांनी. उन्हात दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे एकमेकांपासून सुटत नाहीत. आणि काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे आत गाडलेल्या सळईला सहजासहजी गंज चढत नाही. पिळाच्या सळईचं पेटंट अर्नेस्ट रॅन्सम या बांधकाम-तज्ज्ञाने १८८४ मध्ये घेतलं होतं. पिळामुळे सळई काँक्रीटला अधिक घट्ट पकडते. त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये असा एक छोटा पूलही बांधला होता. म्हणजे तंत्र हाताशी होतं. त्यावर विश्वास ठेवणारे आर्किटेक्ट थोडे होते.

भूकंपात काय होतं? इमारतीचं रोजचं ओझं उभं, वरून खाली जाणारं असतं. भूकंपात पायाखालची जमीन आडवी हलते आणि इमारतीचं वजन मात्र जागच्या जागी राहू पाहतं. या ओढाताणीतून आडवा जोर तयार होतो, आणि इमारत जितकी जड तितका तो जास्त. विटांची भिंत उभं ओझं छान पेलते, कारण वीट विटेवर दाबली जाते. आडवा जोर आला की विटांमधला चुना तडकतो, भिंत फुगते, मजल्यांपासून सुटते आणि कोसळते. बहुतेक वेळा विटा मजबूतच असतात. घात करतात ते सांधे. सळईच्या काँक्रीटमध्ये भिंत, खांब, तुळई एकसंध ओतलेली असते आणि सळया एकातून दुसऱ्यात गेलेल्या असतात, म्हणून सगळी इमारत एकत्र हलते.

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सव्वापाचच्या सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला. नंतर लागलेली आग काही दिवस धुमसत राहिली. तीन हजारांहून अधिक माणसं दगावली, सुमारे २८,००० इमारती नष्ट झाल्या. मिल्स कॉलेजचा मनोरा जागचा हलला नाही. तिकडे स्टॅनफर्ड विद्यापीठातही तेच दिसलं: तिथल्या संग्रहालयाचा रॅन्समच्या पद्धतीने बांधलेला मधला काँक्रीटचा भाग टिकला आणि नंतर जोडलेल्या विटांच्या बाजू ढासळल्या. पुस्तकातून जे शंभर वेळा पटवून द्यावं लागलं असतं, ते एका सकाळी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

मॉर्गनचं ऑफिस त्या आगीत जळालं. पण काम तिच्या दाराशी चालून आलं. नॉब हिलवरचं फेअरमाँट हॉटेल उद्‌घाटनाच्या तोंडावर होतं. भूकंपातून ते वाचलं, पण आगीने आतून पोखरलं. उघडं पोलाद आगीत दगा देतं. तापमान सहाशे अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की त्याची निम्मी ताकद संपते, ते मऊ होतं आणि वरच्या ओझ्याखाली वाकतं. फेअरमाँटचे काही खांब असेच वाकले होते आणि मजले खचले होते. जळक्या सांगाड्यातला कोणता खांब ठेवायचा, कोणता बदलायचा, कुठे आधार देऊन मजला पुन्हा उचलायचा, हे ठरवणं म्हणजे शुद्ध इंजिनिअरिंग. चौतिशीतल्या मॉर्गनने ते केलं आणि बरोबर वर्षाने, एप्रिल १९०७ मध्ये, हॉटेल उघडलं. मुलाखत घ्यायला आलेल्या एका महिला पत्रकाराला वाटलं, बाई आहे म्हणजे हिने सजावट केली असेल. मॉर्गनने तिला शांतपणे सांगितलं की सजावट दुसऱ्यांची, माझं काम इमारतीच्या सांगाड्याचं.

यानंतर तिला काम दिलं ते मुख्यतः बायकांनी. हा भाग मला तिच्या चरित्रातला सर्वांत मोलाचा वाटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्त्रियांच्या संस्था झपाट्याने वाढत होत्या: महिला क्लब, कॉलेजं, नोकरीसाठी शहरात आलेल्या मुलींची वसतिगृहं, वाय.डब्ल्यू.सी.ए. या तरुण ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेच्या शाखा. या संस्थांकडे पैसा बेताचा, पण कामं ठोस आणि सतत येणारी. फीबी हर्स्ट यांच्यासारख्या बायका त्यांच्या पाठीशी होत्या. ओकलंड, होनोलुलू, सॅन फ्रान्सिस्कोचं चायनाटाउन इथे मॉर्गनने वाय.डब्ल्यू.सी.ए.च्या इमारती उभारल्या. पॅसिफिक ग्रोव्हला समुद्रकाठच्या झाडीत असिलोमार हे शिबिरकेंद्र तिने १९१३ पासून पंधराएक वर्षं थोडं थोडं वाढवत नेलं. तिथे स्थानिक दगड आणि लाकूड असं वापरलंय की इमारती झाडांमध्ये मिसळून जातात.

मुलींच्या एका वसतिगृहात तिने छोटी स्वयंपाकघरं आणि पाहुण्यांसाठी खासगी जेवणघरं काढली. समितीचं म्हणणं पडलं की या कमी पगाराच्या मुली, त्यांचे एवढे लाड कशाला? मॉर्गनचं उत्तर होतं, नेमकं त्याचसाठी. एका वाक्यात तिचं सगळं धोरण आलं. दिवसभर दुसऱ्याच्या हाताखाली राबून आलेल्या मुलीला कोणाला तरी जेवायला बोलावता यावं, याची सोय तिने नकाशातच करून टाकली.

बजेट तोकडं असताना ती काय करी, हे बर्कलीच्या सेंट जॉन्स प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये दिसतं. १९१० च्या सुमाराचं हे बांधकाम. लाकडी घराचा सांगाडा एरवी आतून गिलाव्याने झाकतात. इथे तिने तो झाकलाच नाही. उभ्या पट्ट्या, तिरके टेकू, छताच्या कैच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटी), सगळं उघडं. गिलाव्याचा खर्च वाचला, आणि वर पाहिलं की छप्पर कशावर पेललंय ते कोणालाही समजतं. शिवाय लाकूड हलकं, म्हणजे भूकंपाचा जोर कमी. खिळ्यांचे सांधे थोडे लवचिक, म्हणजे हादरा जिरवायला सोपे. स्वस्तपणा, सुरक्षितपणा आणि देखणेपणा या तीन गोष्टी एकाच निर्णयातून साधल्या. हे ज्याला जमतं तो खरा आर्किटेक्ट.

आणि मग सॅन सिमीऑन, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची हर्स्ट कुटुंबाची जागा. फीबी हर्स्ट १९१९ मध्ये वारल्या. त्यांचा मुलगा, वृत्तपत्रांचा सम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट, मॉर्गनकडे आला आणि म्हणाला की डोंगरावरच्या आमच्या जागेत तंबूत राहायचा कंटाळा आलाय, जरा सोयीचं काहीतरी बांधू या. हे 'काहीतरी' पुढे २८ वर्षं चाललं. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० फुटांवर एक मुख्य प्रासाद, तीन अतिथिगृहं, दोन जलतरण तलाव, बागा, आणि ध्रुवीय अस्वलांसह प्राणिसंग्रहालय. एकूण १६५ खोल्या. हाच आजचा हर्स्ट कॅसल.

या कामाची अवघड बाजू फोटोंत दिसत नाही. तिथे जायला धड रस्ता नव्हता. साहित्य बोटीने धक्क्यावर उतरवायचं आणि डोंगर चढवून न्यायचं. कारागीर शोधायचे, त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय लावायची, हिशेब ठेवायचे, आणि हे सगळं मॉर्गनच बघत होती. आठवडाभर सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑफिसात काम, मग रात्रीच्या गाडीने सॅन लुईस ओबिस्पो, तिथून मोटारीने पन्नासेक मैल. अशा पाचशेहून जास्त फेऱ्या तिने केल्या. कॉफी आणि चॉकलेटवर दिवस काढायची, असं तिच्याबरोबर काम केलेले लोक सांगत. जेमतेम पाच फूट उंचीची ही बाई सूट आणि टोपीत परांचीवर चढून सांधे तपासायची. कानाच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा तोल बिघडला होता, तरी तिने चढणं सोडलं नाही.

हर्स्ट युरोपातून जुन्या वास्तूंचे तुकडे आणायचा: शेकडो वर्षांपूर्वीचं कोरीव लाकडी छत, दगडी चौकट, भलीमोठी शेकोटी. ते कुठेतरी बसवायचं. पण कोणतंही जुनं छत नव्या खोलीच्या मापाचं नसतं. मग मॉर्गन छताच्या मापाने खोली आखायची, कमी पडेल तो भाग तिथल्याच कारागिरांकडून तसाच कोरून घ्यायची, आणि हे सगळं ओझं सळईच्या काँक्रीटच्या सांगाड्यावर पेलायची. वरून स्पॅनिश प्रासाद दिसतो; आत आधुनिक, भूकंपाचा विचार करून ओतलेला सांगाडा आहे. हर्स्टचं मत सारखं बदलायचं. बाहेरचा नेपच्यून तलाव तीन वेळा बांधला गेला, दर वेळी आधीपेक्षा मोठा. मूळ कल्पना पहिल्या दिवशी पक्की करायला शिकलेल्या माणसासाठी ही कठीण परीक्षा होती. तिने ती कशी निभावली याचं उत्तर नकाशात सापडतं: मधली मोठी रेषा आणि दोन्ही बाजूंची अतिथिगृहं पक्की ठेवली, बाकीच्या गोष्टींना बदलायला मोकळीक दिली. २२ डिसेंबर २००३ रोजी याच भागात साडेसहा तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा या प्रासादाचं फारसं नुकसान झालं नाही.

सॅन फ्रान्सिस्कोतलं तिचं ऑफिस मर्चंट्स एक्स्चेंज इमारतीच्या तेराव्या मजल्यावर होतं. वॉल्टर स्टाइलबर्गसारखे इंजिनिअर आणि ड्राफ्टिंग करणाऱ्या तरुण मुली एकाच खोलीत काम करत. चांगल्या वर्षी नफ्यातला वाटा ती सगळ्यांना देई. चुकीची रेष मात्र तिला खपत नसे.

इतकं करून ती विस्मरणात का गेली? एक कारण असं की तिने स्वतःची जाहिरात कधी केली नाही; मुलाखती टाळल्या, स्पर्धांत भाग घेतला नाही. १९५१ च्या सुमाराला ऑफिस बंद करताना बरेच नकाशे ज्यांचे त्यांना परत दिले आणि उरलेल्यांतले पुष्कळ नष्ट केले. पण मोठं कारण त्या काळच्या वैचारिक हवेत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर टीकाकारांना एकच ओळखीची शैली असलेले, काच आणि पोलादाचे, सपाट छताचे आर्किटेक्ट हवे होते. मॉर्गन कधी मिशन शैलीत (कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिश धर्मस्थळांच्या धर्तीवर) बांधी, कधी लाकडी, कधी इटालियन वळणाचं, ज्याला जसं हवं तसं. त्यामुळे हिची स्वतःची अशी शैलीच नाही, असा शिक्का बसला. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो, कारण तिचं सातत्य बाहेरच्या रूपात शोधायचंच नव्हतं. ते नकाशाच्या स्वच्छपणात आणि सांगाड्याच्या प्रामाणिकपणात आहे. २ फेब्रुवारी १९५७ रोजी ती गेली. १९८८ मध्ये सारा होम्स बुटेल यांनी लिहिलेलं चरित्र आलं, तेव्हा कुठे तिच्याकडे अभ्यासकांचं नीट लक्ष गेलं.

तिचा आणि हर्स्टचा पत्रव्यवहार आता सॅन लुईस ओबिस्पोच्या कॅल पॉली विद्यापीठात जपलेला आहे. आर्किटेक्ट आणि मालक यांच्यात रोज काय बोलणं होतं, पैसे कसे मागावे लागतात, नाही कसं म्हणावं, हे शिकायला त्याच्याइतकं चांगलं साधन मला तरी ठाऊक नाही. पर्यटक कॅसल पाहायला जातात, आणि ते योग्यच आहे. पण तिची एकच इमारत पाहायची असेल, तर मी बर्कलीचं सेंट जॉन्स चर्च सुचवीन. आता तिथे नाटकं आणि कार्यक्रम होतात. मधल्या रांगेत बसायचं आणि कैच्यांवरून ओझं भिंतीपर्यंत कसं उतरतं, ते नजरेने माग काढत जायचं.